उपाशी ठेवलेलं टाकं

माझी बायको म्हणते, मी बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणली तरी घरी येईपर्यंत तिच्याकडं चोराकडं पाहावं तसं पाहत येतो. खोटं नाही ते. पेट्रोल पंपावर माझी नजर काट्यावरून हलत नाही. लग्नात जेवायला बसलो तर जिथून चपला दिसतील तीच जागा धरतो, मग तिथपर्यंत वाढपी येवो न येवो. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवतो आणि वर त्यालाच विचारतो, 'काहून रे, पाणी कुठलं हाय, विहिरीचं का नळाचं?' घरात मला हवालदार म्हणतात. आधी माघारी म्हणायचे, आता तोंडावर.

तर अशा या हवालदाराच्या वावरात, भर दिवसा, त्याच्या नाकाखाली कोणीतरी येऊन आपला उद्योग करून जात होतं, आणि हवालदाराला पत्ता नव्हता.

उद्योग चालला होता माझ्या मुलीच्या टाक्यात. ती शेवाळावर संशोधन करते. हे वाक्य मी आता सहज लिहितो. पाहुण्यांत सांगायची वेळ यायची तेव्हा मी कितीतरी दिवस 'पाण्यावर काहीतरी करते' एवढ्यावर निभावलं. आमच्याकडं शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवर माणसाला आडवं पाडणारी वस्तू. ती खरवडून फेकतात. माझ्या पोरीनं ती पिकवायला घेतली.

मालेगावहून शिरपूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं वावर आहे. सोयाबीन, तूर, पाणी पुरलं तर हरभरा. त्याच्या टोकाला मुरमाचा एक तुकडा आहे, त्यात तीळसुद्धा धड येत नाही. तोच तिनं मागितला. मला पहिला संशय तिथं आला. चांगली काळी जमीन सोडून हिला मुरूम कायले पाहिजे?

'बाबा, हेच तर आहे याच्यात,' ती म्हणाली. 'याले चांगली जमीन लागत नाही. सोयाबीनची जागा न खाता तेल पिकवाचं.'

तेल पिकवायचं म्हटल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. 'कोणतं तेल? शेंगदाण्याचं?'

'डिझेलसारखं वापरता येईन असं, आई.'

'मंग मले काय उपेग?' म्हणून ती आत गेली. आतून कढईचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

टाकं झालं ते शर्यतीच्या मैदानासारखं, लांबोळकं, मधोमध एक बुटकी भिंत. खोली जेमतेम दीड वीत. आत शेततळ्याला घालतात तसला जाड कागद. एका टोकाला फळ्यांचं चाक, ते छोट्या मोटरवर फिरायचं आणि मोटर सूर्याच्या पाटीवर. चाक फिरलं की पाणी मधल्या भिंतीला वळसा घालत राहायचं, दिवसभर, चुबूक चुबूक. का, तर पाण्यातल्या प्रत्येक कणाला आळीपाळीनं ऊन मिळावं म्हणून. तिचं शेवाळ इतकं बारीक की डोळ्यांना कण दिसत नाही, नुसतं पाणी हिरवं दिसतं. बीज म्हणून तिनं कॉलेजातून एक बरणी आणली होती. बसमध्ये ती मांडीवर धरून बसली होती म्हणे, आणि शेजारच्या बाईनं पुदिन्याचं सरबत समजून आपल्या पोराला घोटभर मागितलं होतं.

टाक्याजवळ तिनं एक पाटी लावली. तिच्यावर इतर बऱ्याच अक्षरांच्या शेवटी 'रिअॅक्टर' असं लिहिलं होतं. दोन दिवसांत पारावर बातमी पोचली की आमच्या मुरमात अणूचं काहीतरी चाललंय. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, 'हे फुटलं तर कोणत्या अंगानं फुटन?' मी त्या पाटीवर खताचं रिकामं पोतं टांगून टाकलं. पोरगी रागावली. पण खरं सांगतो, तो प्रश्न मलाही पडला होता.

आता धुऱ्यापलीकडचा माणूस सांगतो. टाक्याच्या पलीकडं धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्याच्या पलीकडं माझ्या चुलतभावाची संत्र्याची झाडं. तो माझ्याहून मोठा, मी त्याला भाऊ म्हणतो. म्हणजे म्हणायचो. बऱ्याच वर्षांपासून आमचं बोलणं बंद आहे. त्याचं म्हणणं, दर नांगरटीला मी नांगराच्या एका तासाएवढा धुऱ्यात घुसतो. माझं म्हणणं, तो घुसतो. धुरा मात्र खरोखर बारीक होत चाललाय, तेव्हा दोघांपैकी एक खरं बोलत असणार, किंवा दोघंही.

पण वावराला वावर लागून असलं की अगदी मुकं राहून भागत नाही. डुकरं कोणत्या बाजूनं आली, लाइट कधी जाणार, हे सांगावंच लागतं. त्यासाठी आम्ही बैल वापरतो. माझा एक पांढरा बैल उरलाय. जोडीतला दुसरा गेला, कामं ट्रॅक्टरनं व्हायला लागली, पण याला विकवत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीला तो बांधलेला असतो. भाऊ येतो, त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि मोठ्यानं म्हणतो, 'सांग तुह्या मालकाले, डुकरं नाल्याकून आलते.' मी इकडून म्हणतो, 'सांग त्याले, माहीत हाय मले.' बैल कान हलवतो. निरोप पोचतो. आमच्या भावकीत यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तालुक्याला काहींचं बोलणं भिंतीमार्फत चालतं, आमच्याकडं निदान जनावर तरी जिवंत आहे.

टाक्याचं मर्म एका गोष्टीत होतं, आणि सगळा घोळही तिथंच झाला. युरिया, सुपर फॉस्फेट आणि ऊन मिळालं की शेवाळ वाढतं, पाणी गर्द हिरवं होतं. पण पोट भरलेलं शेवाळ तेल धरत नाही, नुसतं वाढत बसतं. मग त्याचा युरिया तोडायचा. खायला मिळेनासं झालं की ते घाबरतं आणि पुढच्या वाईट दिवसांसाठी अंगात चरबी साठवायला लागतं. तेव्हा हिरवं पाणी पोपटी होतं, मग पिवळं. नीट पिवळं झालं, की समजायचं तेल भरलं.

'म्हणजे उपाशी ठेवलं की चरबी वाढते?' मी विचारलं.

तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. 'तुमाले तर माहीत असन बाबा. तुमी चतुर्थी, एकादशी, काहीच सोडत नाही.'

साबुदाण्याचा विषय निघाला की मी उठून जातो.

तिच्या सरांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीतून तेल कोणीही काढतं. गावच्या उन्हात, धुळीत, उघड्या टाक्यात निघतं का ते दाखवा. नाही निघालं तर हा विषय सोडा आणि नव्यानं दुसरा धरा. म्हणजे आजवरची मेहनत पाण्यात, आणि तीही हिरव्या. हिवाळ्यातली पहिली खेप फसली. त्यानंतरचीही फसली. आता उन्हाळ्यातली ही शेवटची, कारण पावसाळा लागला की उघड्या टाक्यात आभाळाचं पाणी पडून सगळं पातळ होणार आणि सर तोवर थांबणार नव्हते.

फसली म्हणजे शेवाळ मेलं नाही. मेलं असतं तर रडून मोकळे झालो असतो. ती युरिया बंद करायची, पाणी हळूहळू पोपटी व्हायचं, पिवळी झाक यायला लागायची, आम्ही सगळे खुश, आणि दोन-तीन दिवसांत टाकं परत हिरवंगार. जणू काही झालंच नाही. ती टाक्याजवळच्या शेडमधल्या खाटेवर मायक्रोस्कोप ठेवून त्यात डोळा घालून बसायची आणि बऱ्याच वेळानं मान वर करायची. 'तेल नाही बाबा. सगळे खाऊन टम्म आहेत.'

तिला वाटायचं, तिचंच चुकतंय. बादल्या परत परत धुवायची. विहिरीचं पाणी तपासायला घेऊन गेली. स्वतःचंच माप चुकलं असेल म्हणून जुन्या खुणा पुसून नव्यानं मांडायची. जेवताना ताटात बोट फिरवत बसायची, आणि आई काही बोलली की 'भूक नाही' म्हणायची. सडपातळ होतीच, आता गळ्याची हाडं दिसायला लागली. एका सकाळी चहा घेता घेता म्हणाली, 'बाबा, मले हे जमत नसन तर?' मी म्हणालो, 'तुले जमते. कोणीतरी काहीतरी करून राह्यलं.'

'कोण?'

मी धुऱ्याकडं पाहिलं. 'तणनाशक टाकून राह्यला तो.'

'बाबा, तणनाशक टाकलं असतं तर मेलं असतं. हे तर माजून राह्यलं.'

'मंग दुसरं कोणतं जहर असन.'

'जहरानं कोणी लठ्ठ होते काय?'

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण संशयाला उत्तर लागत नाही, जागा लागते, आणि माझ्या संशयाला बसायला धुऱ्यावर ऐसपैस जागा होती. तरी मी न्यायानं वागलो. फक्त भावावर संशय घेतला असं नाही. बगळ्यांवर घेतला. दुपारी टाक्याच्या काठावर बसणाऱ्या एका कुत्र्यावर घेतला. सरांवरही घेतला, की मुद्दाम मेलेलं बीज तर दिलं नसेल. बायको भांड्यांचं पाणी तिकडं फेकत असेल म्हणून एकदा तिच्या मागं मागं चालत गेलो. तिनं वळून न पाहता विचारलं, 'अवं, येता तर बादली तरी धरा ना.'

मग मी राख वापरली. ही जुनी युक्ती आहे, पूर्वी खळ्यावर ज्वारीच्या राशीभोवती पसरायचे. अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीची सगळी राख गोळा केली आणि टाक्याभोवती पट्टा पसरला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाऊल. मोठं, चपलेचं, टाचेला एक खाच पडलेली. घरी येऊन आधी घरातल्यांना वगळावं म्हणून दारातल्या सगळ्या चपला उलट्या करून ओळीनं मांडल्या.

'माह्या चपला कायले सुंगून राह्यले तुमी?' बायको दारात उभी.

'सुंगत नाही. तपासून राह्यलो.'

'मंग पायातल्याबी तपासा.'

मी पाय वर करून पाहिला. टाचेला खाच. तारेच्या कुंपणात अडकून पडलेली, मी विसरलेलो. राख पसरून झाल्यावर ती नीट पसरली का ते पाहायला मीच तिच्यावरून चालत गेलो होतो. पोरगी तेव्हा बरेच दिवसांनी हसली, एवढाच त्या तपासाचा फायदा.

त्यानंतर मी लपून बसायचं ठरवलं. टाक्याजवळ तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता, तुऱ्हाट्यांचा. जेवणं झाली की सगळं गाव आडवं होतं, ती वेळ मी धरली. तुऱ्हाट्यांत शिरलो, समोर फट ठेवली, पाण्याची बाटली घेतली. पहिल्या दिवशी मला जाग आली ती मुंग्यांनी. समोर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

'बाबा, पहारेकरी घोरून राह्यला तर चोर कायले घाबरन?'

'घोरत नव्हतो. सोंग व्हतं.'

'मंग सोंगाचा आवाज शेडपर्यंत येऊन राह्यला.'

पण मी सोडलं नाही. टाकं पुन्हा पोपटी व्हायला लागलं होतं. कडेनं पिवळी झाक आली होती. आधीच्या दोन्ही वेळी इथंच दगा झाला होता. चोर येणार तर आता येणार. म्हणून जेवताना भात टाळला, कारण भातानं झोप येते, आणि हे बायकोला इतकं संशयास्पद वाटलं की तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या दुपारी उन्हानं वावर पांढरं दिसत होतं. चाकाचा आवाज तेवढा चालू. आणि भाऊ आला. संत्र्याच्या झाडांतून निघून धुऱ्यावर चढला, बैलाजवळ थांबला. डोक्याला दुपट्टा. त्यानं टाक्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं, मग आमच्या शेडकडं. माझ्या आयुष्यात मी इतकं चोरटं पाहणं पाहिलं नव्हतं आणि इतकं समाधानही मला कधी झालं नव्हतं. तो बैलाला हळू आवाजात म्हणाला, 'पाह्य कसं पिवळं पडून राह्यलं. कोनाले कदर नाई.' मग दुपट्ट्याची गाठ सोडली, मूठ भरली आणि धुऱ्यावरूनच हात फिरवला. पेरणाऱ्या माणसाचा तो हात. पांढरे दाणे उन्हात चमकले आणि टाक्यात अगदी सारखे पसरून पडले. राखेपर्यंत त्याला यावंच लागत नव्हतं.

दुसरी मूठ भरली तसा मी उठलो. डोक्यात काड्या, अंगावर मुंग्या.

'काय टाकलं?'

इतक्या वर्षांत थेट त्याला म्हटलेला तो माझा पहिला शब्द. तो दचकला. मूठ पाठीमागं नेली.

'काई नाई.'

'मूठ उघड.'

'नाई उघडत. तू कोन मले सांगनारा?'

'माह्या पोरीच्या टाक्यात जहर टाकतो काय, भाऊ?'

जहर म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. रागानं नाही, दुसऱ्याच कशानं. त्यानं मूठ पुढं केली आणि तिच्यातले दाणे माझ्या हातावर ओतले. माझा तळवा घामानं भिजलेला होता. दाणे पडले तसा तळवा थंड झाला. ओल्या हाताला युरिया थंड लागतो, हे डोळे मिटूनही ओळखता येतं.

'जहर नाई, खत हाय,' तो म्हणाला. 'पोरीचं पीक पिवळं पडून राह्यलं, अन् तू तुऱ्हाट्यात लपून मजा पाहून राह्यला. लाज वाटते का तुले? युरिया नव्हता तं मांगाचा व्हता ना.'

'कसा मांगू? बोलणं बंद नाही का आपलं?'

'बैल व्हता ना मधात!'

आमचा आवाज ऐकून पोरगी शेडमधून धावत आली. माझ्या हातातले दाणे पाहिले, टाक्यावरचे विरघळणारे पाहिले, भावाचा सुटलेला दुपट्टा पाहिला. माझी पोरगी त्याला मोठेबाबा म्हणते, आमचं बोलणं बंद असलं तरी, कारण पोरांची बोलणी कोणी बंद करत नाही.

'मोठेबाबा, आधीच्या खेपीलेही तुमीच टाकत होते?'

'पिवळं दिसलं का टाकला, बेटा. मूठभरच. संत्र्यासाठी आनला व्हता त्यातला. तुह्या बापाले कळत नाई, म्हटलं पोरीची मेहनत कायले वाया जाऊ द्याची?' आणि तिचा चेहरा पाहून तो घाबरला. 'काहून? कमी पडला काय?'

ती टाक्याच्या काठावर बसली. मला वाटलं आता रडते. ती चाकाकडं पाहत राहिली आणि सावकाश, आमच्यापैकी कोणालाच नाही अशी, म्हणाली, 'म्हणजे माहं चुकत नव्हतं.'

थोड्या वेळानं तिनं त्याला विचारलं, 'मोठेबाबा, तुमी संत्र्याचं पाणी तोडता ना? पानं सुकेपर्यंत?'

'हाव. ताण देतो. त्याबिगर बहार फुटत नाई.'

'मंग हे तेच आहे. याचा युरिया तोडला. पिवळं पडलं का मंग याच्यात तेल भरते.'

संत्र्याच्या ताणाच्या बाबतीत हा माणूस काय आहे ते मला ठाऊक आहे. ताणावरच्या झाडाखाली हात धुतले म्हणून त्यानं एकदा स्वतःच्या जावयाला भरल्या ताटावरून उठवलं होतं. त्यानं दुपट्ट्यातला उरलेला युरिया पाहिला, गाठ परत मारली, घट्ट, आणि आणखी एक मारली.

'मंग मले सांगाचं ना कोनी,' तो म्हणाला, आणि बैलाकडं असं पाहिलं की जणू निरोप त्यानंच दाबून ठेवला होता.

पोरीनं हिशोब केला. खाल्लेलं पचून टाकं पुन्हा उपाशी व्हायला वेळ लागणार. पावसाळ्याच्या आत जमेल, पण आता एक मूठही पडली तर संपलं. तिनं भावालाच सांगितलं, 'मोठेबाबा, आता राखण तुमीच करा.'

मी तिला शेडमागं नेलं. 'चोराच्या हाती किल्ल्या देतं काय?'

'त्याहिच्याइतकी टाक्याची काळजी कोणाले आहे?'

'मले नाही?'

'तुमाले चोराची आहे, बाबा.'

मग भाऊ राखणीला बसायला लागला. सकाळी यायचा, बाभळीखाली पोतं टाकायचा आणि टाक्याकडं पाठ करून बसायचा. समोरून पाहवत नव्हतं त्याला. मी तुऱ्हाट्यांजवळ खाट टाकली आणि राखणदारावर राखण धरली. आरडाओरड्याच्या दिवशी थेट बोलणं झालं होतं खरं, पण भांडण संपल्यावर ते परत बंद झालं. आमच्यात भांडण तोंडावर असतं, बाकी सगळं बैलामार्फत. सकाळी आल्या आल्या तो दुपट्टा झटकून दाखवायचा. 'सांग त्याले, झडती घे म्हना.' मी म्हणायचो, 'सांग त्याले, कमीजचा खिसा राह्यला.' तो खिसाही उलटा करून दाखवायचा.

टाकं पोपटी झालं. मग लिंबासारखं. भावाची बसल्या जागी चुळबुळ वाढली. चोरून मान वळवायचा, पाहायचा, आणि चटका बसल्यासारखी मान परत फिरवायचा. पिकवणाऱ्या माणसाला पिवळं पीक पाहणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. त्याचा हात आपोआप मुठीत वळायचा. एका दुपारी तो एकदम उठला, टाक्याच्या दिशेनं चार पावलं गेला आणि खिशात हात घातला. मी खाटेवरून उडी मारली, चप्पल एकच पायात. तो तिथंच थांबला. खिशातून तंबाखू-सुपारीची पुडी काढली आणि माझ्याकडं न पाहता मोठ्यानं म्हणाला, 'सांग त्याले, खर्रा हाय. खाईन का?'

मी खाल्ला. संशयानंच खाल्ला, पण खाल्ला.

शेवटी पाण्याला पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा रंग आला. पोरीनं मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, मग मला पाहायला लावलं. मला माझी पापणीच दिसली. भावाला बोलावलं. त्यानं डोळा लावला, दुसरा मिटायचा विसरला, तरी बराच वेळ पाहून म्हणाला, 'हाय. चमकून राह्यलं.' त्याला खरंच दिसलं की नाही याबद्दल माझं मत वेगळं आहे.

तिनं चाक थांबवलं. इतक्या दिवसांचा आवाज थांबल्यावर वावर एकदम मोठं वाटायला लागलं. शेवाळ खाली बसलं, वरचं पाणी काढलं, आणि खालचा लगदा गाळायला जुनं, मऊ सुती कापड हवं म्हणाली. बायकोनं स्वतःची एक साडी दिली. ती आमच्या पहिल्या दिवाळीची, हे मी ओळखलं. धुऱ्यापलीकडून एक धोतर आलं, धुतलेलं, घडी घातलेलं, बैलाच्या पाठीवर ठेवून. लगदा ताडपत्रीवर वाळत घातला तेव्हा बायको दिवसभर चिमण्या हाकत बसली. पापडांना कधी इतकं बसली नव्हती. वाळलेला भुगा स्टीलच्या डब्यात भरला, आणि कोणी कढीत टाकू नये म्हणून तिनंच डब्याला फडकं बांधलं.

मालेगावच्या स्टँडवरून पोरगी गेली. मग वाट पाहणं. मला वाटायचं, डबा बसमध्ये बदलला असेल. सरांनी तेल काढून घेतलं असेल आणि हिला नाही म्हणून सांगितलं असेल. बायको म्हणाली, 'तुमी जरा झोपा. तुमी जागे राह्यले का घरात सगळे चोर दिसतात.'

एका सकाळी फोन आला.

'बाबा, निघालं.'

'किती?'

'लय नाही. पण आहे. सर म्हणाले काम पुढं चालू ठेवा.'

'त्यानं तुह्यासमोर काढलं ना?'

'माह्याच हातानं काढलं बाबा.'

'माही फटफटी चालन त्याच्यावर?'

'वावरापासून सडकेपर्यंत येईन. परत ढकलत न्या लागन.' ती हसली. तिकडं कोणाशी तरी काही बोलली, परत हसली. तिकडं कोण आहे ते मी पहिल्यांदाच विचारलं नाही, नुसतं ते हसू ऐकून घेतलं.

मी धुऱ्यावर गेलो. भाऊ झाडांभोवती पाण्यासाठी आळी करत होता. वाटेत मी ठरवलं होतं, थेट सांगायचं. 'भाऊ' म्हणून हाक मारायची. जवळ गेल्यावर जीभ काही उचलेना. आणि खाली पाहतो तर त्याच्या बाजूनं धुरा मागच्यापेक्षा जरा कोरलेला दिसला. ते मी तेवढ्यापुरतं गिळलं. बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, 'सांग त्याले, तेल निघालं.'

भावानं फावडं थांबवलं. चेहऱ्यावरचा घाम पुसायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग धुऱ्यावर आला आणि बैलाचं कपाळ खाजवायला लागला.

'इचार त्याले,' तो म्हणाला, 'पोरगी तिथं पोटभर जेवते का? लय वाळून गेलती.'

बैलानं कान हलवला.